उघड्या नळीचा आवाज

आमच्या मिलच्या मेकॅनिक खात्याचे पारशी इंजिनिअर निवृत्त झाले, त्याच आठवड्यात त्यांनी मला आणि माझ्या जोडीदाराला दादरला आपल्या घरी बोलावलं. गॅरेजचं दार उघडून त्यांनी एक ताडपत्री ओढून काढली. खाली मोटरसायकल होती. युद्धाच्या आधीची, विलायती, एका सिलेंडरची, पाचशे सीसी. दोन्ही टायर बसलेले, टाकीवर गंज, साखळी म्हणजे नुसती लाल माती. तरुणपणी साहेबांनी तिच्यावर जुहूच्या वाळूत शर्यती मारल्या होत्या. आता त्यांचा गुडघा वाकत नव्हता आणि भंगारवाला रोज दारात येऊन उभा राहत होता.

"त्याला देण्यापेक्षा तुमाला देतो," साहेब म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो, दीकरा. हा घोडा हाय. ह्याचा सर्कशीतला माकड नको बनवू."

आम्ही हो हो म्हणालो. भंगाराच्या भावात मिळालेली ती गाडी दोघांनी ढकलत परळपर्यंत आणली. रस्त्यातली माणसं हसत होती. आम्हीही हसत होतो.

जोडीदार भोईवाड्यात राहायचा. खात्यात तो लेथवर आणि मी फिटर. एकाच महिन्यात कामाला लागलो होतो, एकाच मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्याच्या चाळीच्या मागे पत्र्याची एक शेड होती, तिथे गाडी ठेवली. पुढचे सहा-सात महिने आमचे सगळे रविवार तिथेच गेले. तिचे सुटे भाग मुंबईत कुठे मिळायचे नाहीत. जे मिळायचं नाही ते जोडीदार लेथवर कातून काढायचा. त्याचा हात असा होता की मूळचा तुकडा आणि त्याने केलेला तुकडा शेजारी ठेवले तर त्याचाच जास्त चांगला वाटावा. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा किकने उलटा झटका दिला आणि माझा घोटा आठ दिवस सुजला. तरी त्या दिवशी आम्ही शेडमध्ये अक्षरशः नाचलो.

गाडी साहेबांच्या वेळी होती तशी झाली, तेव्हा आम्ही थांबायला हवं होतं. जोडीदार थांबायलाही तयार होता. थांबलो नाही तो मी. मला ती अजून हलकी हवी होती, अजून जोरात हवी होती. आधी मडगार्ड काढले. मग हँडल खाली घेतलं, पाय ठेवायचे दांडे मागे सरकवले, म्हणजे टाकीवर ओणवं होऊन बसता येईल. मग दाब वाढावा म्हणून इंजिनाचं हेड घासून घेतलं, पेट्रोल जास्त यावं म्हणून कार्ब्युरेटरची जेट मोठी केली. आणि सगळ्यात शेवटी सायलेन्सर काढून टाकला.

"हे नको रे," जोडीदार म्हणाला. "वेग वाढायचा नाही, नुसती बोंब वाढेल."

"शर्यतीच्या गाडीला कुठे असतो सायलेन्सर?"

"आपण कुठे शर्यतीत चाललोय? तू मिलमध्ये चाललायस."

पण मी मागे लागलो आणि शेवटी त्यानेच नळी वाकवून दिली. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत सरळ, शेवटी तुतारीसारखं उघडं तोंड. तो आवाज काय सांगू! लालबागच्या नाक्यावर गाडी चालू केली की गणेश टॉकीजपाशी उभा असलेला माणूस मान वळवायचा. चाळीच्या गॅलऱ्यांमधून पोरं धावत यायची. पंचवीस वर्षांचा होतो मी. आठ गाववाल्यांबरोबर एका खोलीत वळकटी टाकून झोपणारा, पाळीला भोंगा झाला की पळणारा. त्या नळीने मला पहिल्यांदा ओळख दिली.

उतारावर एक खेळही सापडला. गाडी वेगात असताना इंजिन बंद करायचं बटण क्षणभर दाबून धरायचं. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत साठतं. बटण सोडलं की ते एकदम पेटतं आणि असा बार निघतो की तोफच उडाली. मी तो करी रोडच्या पुलावरून उतरताना करायचो. पुलाच्या पायथ्याशी आमच्या चाळी.

त्याच पायथ्याशी, आमच्या शेजारच्या चाळीत, पहिल्या मजल्यावर मावशीची खाणावळ होती. मावशी मालवणकडची. नवरा मिलमध्ये असतानाच गेला, मुलगा गावी दिराकडे. दोन खोल्यांत ती आमच्यासारख्या एकट्या कोकणी गड्यांना जेवू घालायची. वीस-बावीस ताटं व्हायची. मी रत्नागिरीकडचा, मला तिच्या बोलण्यातले काही शब्द सुरुवातीला कळायचे नाहीत, झील म्हणजे मुलगा आणि आवस म्हणजे आई हे मी तिच्याकडेच शिकलो, पण शिव्या कळायच्या. उशिरा गेलो की म्हणायची, "मेल्या, तुझी ती फटफटी आयकूक येता पण तू येणस नाय. आमटी निवाली मगे." आणि तीच आमटी परत गरम करून वाढायची.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमच्या भागात तर प्रत्येक भिंत, प्रत्येक जिना त्याच गोष्टीने भरलेला. मीही उतरलो होतो. भाषणं मला कळायची, आवडायची, पण खरं सांगायचं तर माझं मोल माझ्या गाडीमुळे होतं. गिरगावातल्या छापखान्यातून समितीची पत्रकं घ्यायची आणि लालबाग-परळच्या शाखांवर पोचवायची, हे काम माझ्याकडे आलं. ट्राम बंद, बस बंद, तरी माझी गाडी फिरतेय. कार्यकर्ते पाठ थोपटायचे. छाती फुगायची.

मग शहरात गोळीबार झाला. माणसं मेली. आमच्याच वस्तीतल्या घरांत प्रेतं आली. त्यानंतरचे दिवस मी विसरू शकत नाही. भांडं पडलं तरी बाया दचकायच्या. खिडक्या अर्ध्या लावलेल्या असायच्या. हे सगळं मी बघत होतो. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, हरताळाच्या दिवशी, दुपारी आमच्या नाक्यावरून मोर्चा निघायचा होता. मी गिरगावातून पत्रकांचा गठ्ठा टाकीवर बांधून येत होतो. पुलाच्या माथ्यावर ओळखीची चार-पाच माणसं कठड्याला टेकून उभी होती. त्यांतला एक ओरडला, "काय रे, आज आवाज नाय काय?"

एवढंच. दुसऱ्या कोणत्याही दिवशी कोणी काहीही म्हणेल असं वाक्य. मी बटण दाबलं, सोडलं. बार झाला. पुन्हा दाबलं, सोडलं. दुसरा बार पहिल्याहून मोठा झाला. मागे माणसं हसली असावीत, मला ऐकू आलं नाही. मी पायथ्याशी डावीकडे न वळता तसाच सरळ परळकडे निघून गेलो, कारण आधी तिथली पत्रकं द्यायची होती. चार वाजले होते. परळच्या शाखेत घड्याळ होतं, म्हणून आठवतं.

पाच वाजता परत आलो तर नाक्यावर मोर्चा नव्हता. चपला पडल्या होत्या, एक फुटलेला माठ, वाकलेला फलक. आमच्या खोलीतला एक गाववाला जिन्यावर बसला होता.

"कुठे होतास? गोळीबार झाला इथे."

"कधी?"

"आत्ता, चारला. पुलावरून झाडल्या. दोन गोळ्या. सगळी पब्लिक चाळीत घुसली. मावशी पाण्याची कळशी घेऊन खाली उतरत होती, जिन्यावरच सापडली. लोक अंगावरून गेले रे तिच्या. परळच्या इस्पितळात नेलीय."

दोन गोळ्या. चार वाजता. पुलावरून.

माझ्या मनात पहिला विचार मावशीचा आला नाही. पहिला विचार आला, मला कोणी बघितलं का? पुलाच्या माथ्यावरची ती चार-पाच माणसं. पण खालची पळापळ बघून त्यांनाही ती गोळीच वाटली असावी, तीही पळाली होती. पुढे त्यांच्यातलाच एक छातीवर हात ठेवून सांगत फिरला की गोळी त्याच्या कानाजवळून गेली. माणूस भ्याला की त्याला खरंच तसं ऐकू येतं, असं मला वाटतं. तो खोटं बोलत नव्हता. खोटं मी बोलत होतो, तोंड न उघडता.

मी तडक शेडमध्ये गेलो आणि जोडीदाराला सगळं सांगितलं. त्याने त्या नळीकडे बघितलं.

"मी गाडीवर नव्हतो," तो म्हणाला. "पण नळी माझी आहे."

"तू नकोच म्हणत होतास."

"नको म्हणूनसुद्धा करून दिलीच ना. चल इस्पितळात. आत्ताच सांगू."

इस्पितळात आम्ही गेलो. मावशीचा खुबा मोडला होता. खाटेवर पडल्या पडल्या तिने विचारलं, "झील माझो, तुका काय लागला नाय मा? तू त्याच वाटेन येणार होतंस. माझ्या मनात तुझाच भय होता."

जोडीदाराने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. दोघंही न सांगता परत आलो.

तीन महिन्यांनी मावशी घरी आली. हाड जुळलं, पण डावा पाय आखूड राहिला आणि तिला मांडी घालून किंवा उकिडवं बसता येईना. चुलीपुढे बसल्याशिवाय खाणावळ कशी चालणार? वीस ताटांची आठ ताटं झाली. तेव्हा जोडीदारानेच एक बैठं स्टूल करायचं ठरवलं. चाकांच्या जागी मिलच्या भंगारातली चार बेअरिंग, वर शिसवी फळी, तिच्या पायाला बेतून एका बाजूला उतरती केलेली. ते आम्ही तिच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. तिने त्यावर बसून चुलीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून चुलीपर्यंत दोनदा सरकून बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझो झील हय असतो तरी त्याका ह्या सुचला नसता," ती म्हणाली. माझ्या केसांतून हात फिरवला. त्या दिवशी मी ताट अर्धं टाकून उठलो. तिला वाटलं मीठ जास्त झालं.

पुढे समितीचे एक वकील जखमींच्या जबान्या घ्यायला आले. पन्नाशीचे, सडसडीत, गिरगावात राहणारे. त्यांना घेऊन यायचं आणि परत पोचवायचं काम, अर्थातच, गाडीवाल्याला मिळालं. मावशीच्या खोलीत त्यांनी सतरंजीवर बसून कागद मांडीवर घेतला. मी दाराशी उभा.

"आवाज किती ऐकलेत?"

"दोन. मी आयकलंय. ह्या कानांनी."

"पोलीस बघितलेत?"

"मी जिन्यार होतंय. माका कसे दिसतले?"

"कोणाला गोळी लागली? भिंतीवर, खांबावर कुठे खूण?"

मावशीला सांगता येईना. वकिलांनी मान वर करून मला विचारलं, "तुम्ही इथलेच. तुम्ही ऐकलेत का आवाज?"

"ऐकले," मी म्हणालो. ते खरं होतं. इतकं खरं की त्याच्यासारखं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

वकिलांनी जबानी वाचून दाखवली, मावशीने अंगठा दिला. त्यांना मागे बसवून मी गिरगावाकडे निघालो. बटणाला हात लावायचा नाही हे मी केव्हाच ठरवलं होतं. पण उघड्या नळीला बटणच लागतं असं नाही. भायखळ्याचा पूल उतरताना समोर हातगाडी आली, मी एकदम थ्रॉटल सोडला आणि नळीतून बार निघाला. माझ्या खांद्यावरचा वकिलांचा हात घट्ट झाला. तो गिरगावापर्यंत तसाच राहिला.

घराशी उतरल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी चार वाजता तुम्ही कुठे होतात?"

"पत्रकं घेऊन येत होतो."

"कुठून?"

"पुलावरून."

त्यांनी पिशवी उघडली आणि मावशीचा कागद काढून माझ्या हातात दिला. "ह्या पिशवीत ज्या घरांतली माणसं खरोखर गोळीने गेली त्यांच्या जबान्या आहेत. हा कागद त्यांच्यात राहिला तर समोरचा वकील हा एकच उचलेल आणि त्या सगळ्यांना खोटं पाडेल. मी तुम्हाला दुसरं काही विचारत नाही. त्या बाईंना तुम्ही सांगा. मी सांगणं बरं नव्हे."

ते जिना चढून गेले. मी कागद खिशात घालून परत आलो. दुसऱ्या दिवशी नळी काढली आणि सायलेन्सर लावला. लोकांना वाटलं, पोलिसांच्या नजरेत येऊ नये म्हणून. मी तेही वाटू दिलं.

गाडी मात्र मी विकली नाही. हेही सांगायला हवं. माझ्या हातून एका बाईचा पाय अधू झाला आणि तरी मी त्याच गाडीवर रविवारी वरळीच्या समुद्राकडे जात होतो आणि मला ते आवडत होतं. वारा तोंडावर आला की अर्धा तास विसर पडायचा. मग परत येताना पुलाचा उतार यायचा.

त्याच वर्षाच्या अखेरीस जोडीदाराच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. महिन्याभराने तो मला शेडमध्ये म्हणाला, "मी पंचशील घेतलंय. खोटं बोलणार नाही, हे त्यातलंच एक. मी आपणहून कुठे सांगायला जाणार नाही, कारण सांगायचं काम तुझं आहे. पण मला जर कोणी विचारलं तर मी जे आहे ते सांगेन. आणि तू सांगेपर्यंत मी मावशीच्या घरात जेवणार नाही."

"रागावलास?"

"नाही रे. तिच्यासमोर बसवत नाही."

त्याने गाडीवर बसणंही सोडलं. काही बिघडलं तर दुरुस्त करून द्यायचा, चालवायचा नाही. मावशी विचारायची, "तुझो दोस्त कित्याक येणा नाय?" मी म्हणायचो, पाळी बदलली. पाळी चार वर्षं बदललेलीच राहिली.

चार वर्षं! रोज ठरवायचो. आज तिला ताप आहे, आज तिच्या मुलाचं पत्र आलंय, आज खोलीत माणसं आहेत. कारणांना काय तोटा? आणि दरम्यान चाळीत, नाक्यावर, भाजीवाल्यापाशी मावशी म्हणजे 'गोळीबारातली मावशी' झाली होती. नळावर बाया तिला पुढे जाऊ द्यायच्या. तिने दुसऱ्यांकडून लिहून घेतलेल्या पत्रांतून ते गावी पोचलं होतं.

मग महाराष्ट्र झाला. लालबागला दिव्यांच्या माळा, ढोल, गुलाल. आमच्या मंडळाने मैदानात सभा ठेवली आणि चळवळीत ज्यांना झळ बसली त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. यादीत मावशीचं नाव होतं. जोडीदार मिलच्या फाटकावर मला गाठून म्हणाला, "सत्काराच्या आधी सांग. नंतर सांगण्यात काही अर्थ राहणार नाही."

सभेच्या दिवशी सकाळी मी गेलो. मावशी नवं लुगडं घडी मोडून बघत होती. शेजारच्या दोन बाया तिला नेसवायला आल्या होत्या. मला बघून ती लाजली. खरोखर लाजली, पोरीसारखी. "ह्या वयात माका सजवतत बघ," म्हणाली. मी चहा पिऊन परत आलो.

संध्याकाळी व्यासपीठाच्या पायऱ्या तिला चढवेनात. मी आणि आणखी एकाने तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. वक्त्याने तिची ओळख करून दिली, हार घातला, टाळ्या झाल्या. कोणीतरी माइक तिच्या तोंडापुढे धरला. ती गांगरली. मग म्हणाली, "माका बोलूक येणा नाय. मी गोळयेक भियालंय नाय. लोकांक पाणी होया होता, म्हणान उतारलंय." मैदान उठून उभं राहिलं. मीही टाळ्या वाजवल्या. न वाजवून कसं चाललं असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीवर गेलो. ती स्टुलावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. हार देवाच्या तसबिरीला घातला होता. मी बसलो नाही.

"मावशी, त्या दिवशी गोळी सुटलीच नव्हती. तो आवाज माझ्या गाडीचा होता. मी मुद्दाम काढला होता."

तिची बोटं थोडा वेळ तशीच चालू राहिली. मग थांबली.

"मुद्दाम? कित्याक?"

"मजा म्हणून."

"मजा," ती म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं. "चार वर्सां माझ्या हातचा जेवलंस."

"हो."

"आणि काल? माका उचलून थय वर कोणी नेल्यान?"

"मी."

"काल सकाळी इल्लंस. चाय पिऊन गेलंस. तेवा सांगितलं असतंस तर मी घरात रवलंय असतंय. पडलंय ता पडलंय. पडण्यात माझी चूक काय नाय. पण काल इतक्या माणसांसमोर मी खोटा बोललंय. आता मी पण खोटी झालंय. माझ्या पायापेक्षा ह्या तू मोठा मोडलंस."

मी खिशातला तो जबानीचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला आणि वकील काय म्हणाले होते ते सांगितलं. तिने स्वतःच्या अंगठ्याची खूण ओळखली. कागद उचलला, सरकत चुलीपाशी गेली आणि निखाऱ्यावर ठेवला. तो जळेपर्यंत बघत बसली.

"कोणाक सांगू नको," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "गावात माझ्या झिलाक लोक मान देतत. तुझी आवस गोळीबारात होती म्हणतत. त्याची मान खाली करू नको. आणि उद्यापासून जेवक येव नको."

त्या दिवसानंतर तिने नळावर पुढे जाणं बंद केलं. बाया वाट द्यायच्या तर मागे हटायची. कोणी काही विचारलं तर पाय दुखतोय म्हणून आत निघून जायची. तीन आठवड्यांत तिने खाणावळ दुसऱ्या बाईला दिली आणि गावी जायचं ठरवलं. लोक म्हणाले, थकली बिचारी. मला माहीत होतं ती का चालली.

जोडीदाराला मी सगळं सांगितलं. तिने कोणाला सांगू नको म्हटलं होतं, पण त्याला सांगावंच लागलं, तो वाटेकरी होता. तो एवढंच म्हणाला, "मी सांगितलं होतं, आधी जा." मग थोड्या वेळाने, "तिची बोट शुक्रवारी आहे. पावसाळ्याआधीची शेवटची. तू जा. तिने नको म्हटलं तरी जा."

शुक्रवारी सकाळी मी भाऊच्या धक्क्यावर गेलो. गाडी नेली नाही, चालत गेलो. चाकरमान्यांची गर्दी, ट्रंका, बोचकी, आंब्याच्या रिकाम्या करंड्या. मावशी एका ट्रंकेवर बसली होती. सोबतीला गावचा एक म्हातारा होता, तो तिकिटाच्या गडबडीत. तिने मला बघितलं. हाकलून दिलं नाही.

"ट्रंक धर," ती म्हणाली.

मी ट्रंक खांद्यावर घेतली. फळीवरून चढताना तिला आधार हवा होता. तिने आधी कठड्याला हात घातला, तो ओला होता, निसटला. मग तिने माझ्या दंडाला धरलं. तिच्या आखूड पायाचा टेका एका बाजूला आणि माझी ट्रंक दुसऱ्या बाजूला, असे आम्ही हळूहळू वर गेलो. डेकवर सावलीची जागा बघून मी ट्रंक ठेवली, तिची चटई पसरली, पाण्याचा तांब्या भरून आणला. चार वर्षांत मी तिच्यासाठी कितीतरी कामं केली होती, पण ती सगळी लपून बसण्यासाठी केलेली होती. हे पहिलं साधं काम.

मला म्हणायचं होतं, मावशी, मला माफ कर. त्या दुपारीही मी ते म्हटलं नव्हतं. कबूल केलं होतं, माफी मागितली नव्हती. ही दोन वेगळी असतात हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात शिट्टी झाली आणि खलाशी पोचवायला आलेल्यांना खाली ढकलू लागले.

"जा," मावशी म्हणाली. "बोट सुटात."

मी उतरलो. बोट लांब जाईपर्यंत धक्क्यावर उभा राहिलो. ती डेकच्या कडेला आली नाही. तिला उठून येता येत नव्हतं, की यायचं नव्हतं, ते मी कसं सांगू?

आता ती नाही, तिचा मुलगाही नाही, जोडीदारही गेला. म्हणून हे लिहितो आहे, आणि म्हणूनच ह्यात कोणाचं नाव लिहीत नाही. तरी तिचं सांगणं मी मोडतोच आहे.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. त्या काळी मालवणला बोट किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात थांबायची आणि माणसांना हलत्या पडावात, म्हणजे लहानशा होडीत, उतरावं लागायचं. धडधाकट माणूसही तिथे लाट बघून, देवाचं नाव घेऊन पाय टाकायचा. मे अखेरीचा समुद्र, त्यात ती, त्या पायाने. म्हाताऱ्याच्या हातून ते होण्यासारखं नव्हतं. धक्क्यावर उभा होतो तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. लालबागला परत येताना अर्ध्या वाटेत आलं आणि मी फुटपाथवर तसाच थांबलो. तिकीट काढून तिच्याबरोबर मालवणपर्यंत जाणं अजिबात अवघड नव्हतं. मला सुचलं नाही. तिला त्या पडावात कोणी उतरवून घेतलं, मला कधीच कळलं नाही.